परदेशी पेठ आणि लिंबायतचा माग



शाळेच्या या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी परराज्यात, गिरणगावासारख्या गजबजलेल्या या वस्तीत, मराठी अक्षराचा दिवा तेवत ठेवला. अशा प्रसंगी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा नवकाव्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज यंत्रमागाविषयी आणि परदेशी बाजाराविषयी बोलणार आहे.

याचे कारण भाषेतच आहे. ‘ताणाबाणा’, ‘धागेदोरे’, ‘वीण’, ‘पोत’ हे शब्द आपण साहित्यसमीक्षेत सर्रास वापरतो. ते आपल्याला विणकराने दिले. पण ज्याने शब्द दिले त्याचा इतिहास आपण लिहिला नाही. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, भाठेना या वस्त्यांतून जे कापड गेली अनेक दशके बाहेर पडत आहे, त्याच्या गाठोड्यावर शेठचा शिक्का असतो, पेढीचे नाव असते. विणणाऱ्याचे नाव कोठेच नसते. ज्याचे नाव कापडावर नाही, त्याचे नाव इतिहासातही नसते. ही उणीव एका व्याख्यानाने भरून निघणार नाही. परंतु प्रश्न नीट मांडता आला, तरी आजचे प्रयोजन साधेल.

प्रश्न असा आहे. अर्थव्यवस्थेत स्थित्यंतर होते, बंद दारे उघडतात, परदेशी माल आत येतो आणि आपला माल बाहेर जाऊ पाहतो, तेव्हा चार-आठ मागांचा लहान कारखानदार टिकतो कसा? आणि तो टिकतो, तेव्हा त्या टिकण्याची किंमत कोण मोजतो?

१. स्थित्यंतर नवे नाही

‘उदारीकरण’ हा शब्द १९९१ नंतर आपल्या कानी सतत पडू लागला आणि जणू त्या वर्षीच सुरतेने प्रथम जगाचे तोंड पाहिले, असा समज रूढ झाला. वस्तुस्थिती उलट आहे. सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. हाज यात्रेची जहाजे येथून निघत. इंग्रजांनी १६१३ च्या सुमारास येथेच आपली वखार घातली. डच आणि फ्रेंचही पाठोपाठ आले. मराठी माणसाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० या दोन सालांमुळे. शिवाजी महाराजांनी दोनदा या शहरावर स्वारी केली, कारण त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरची संपत्ती येथे एकवटली होती. पुढे १७७५ साली राघोबादादांनी इंग्रजांशी जो तह केला, तो याच गावाच्या नावाने ओळखला जातो. आणि १९०७ साली राष्ट्रीय सभेत जहाल आणि मवाळ यांची फूट पडली, तीही सुरतेतच. आपल्या राजकीय इतिहासात सुरत अशी वारंवार डोकावते.

आर्थिक इतिहासात मात्र महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. अठराव्या शतकात मुंबई वाढत गेली आणि सुरतेचे बंदर ओसरत गेले. जहाजे गेली, मोठे सावकार गेले. पण कारागीर गेले नाहीत. बंदर हरपलेल्या शहरात विणकर, जरीवाले, रंगारी राहिले. शहराचा व्यापार मोठ्यांच्या हातून निसटला तरी कसब लहानांच्या बोटांत शिल्लक राहिले. पुढील सारी कथा या शिल्लक राहिलेल्या कसबाची आहे.

२. जरीचा धडा

त्या कथेतील पहिला धडा जरीचा. आपल्या आयाबहिणींच्या पैठणीच्या पदरात चमकणारी जर पिढ्यान्‌पिढ्या सुरतेहून येवल्याला आणि पैठणला जात आली आहे. चांदीची तार सोन्याने मढवायची, ती बारीक ओढायची, ठोकून चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. बादला आणि कलाबतू हे शब्द त्यातलेच. या एकेका क्रियेसाठी वेगळा कारागीर, वेगळे घर. कारखाना म्हणावा असे छप्पर कोठेच नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी या धंद्यासमोर फ्रान्सची यंत्रनिर्मित जर उभी राहिली. ती एकसारखी होती, स्वस्त होती आणि देशभरच्या विणकरांना सहज मिळू लागली होती. हातधंदा यंत्रापुढे मरतो, हे सूत्र आपण पाठ केलेले आहे. सुरतेचा जरीधंदा त्या सूत्राप्रमाणे मेला नाही. त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, परक्याचे तंत्र उचलले. विजेवर चालणारी तार ओढण्याची यंत्रे आणि विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची रीत लहान कारखान्यांतही आली. दुसरी, त्याने सरकारपुढे आपली बाजू संघटितपणे मांडली. टॅरिफ बोर्डाने या धंद्याची चौकशी केली आणि १९३१ साली त्याला संरक्षण देणारा कायदा झाला. परदेशी जरीवरील आयातशुल्क वाढले.

या प्रसंगातून मी तीन निष्कर्ष काढतो. लहान असणे म्हणजे जुनाट असणे नव्हे. संरक्षण मागणे ही लाचारी नव्हे. आपला हिशेब पुराव्यासह मांडता आला तर तो अधिकार ठरतो. आणि तिसरे, संरक्षण तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा त्याच्या आडोशाला बसून धंदा नवे तंत्र शिकतो. पुढे तांब्याची नकली जर आली, प्लास्टिकची आली. परंतु सुरतेचे नाव जरीपासून सुटले नाही. आज ‘सुरत जरी’ला भौगोलिक मानांकन आहे. मालाला नाव असण्याचा हा मुद्दा मी पुन्हा शेवटी घेणार आहे.

३. माग लहानच का राहिला?

आता यंत्रमागाकडे वळू. महाराष्ट्रात यंत्रमागाचा आरंभ इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी केला. मालेगाव, भिवंडी ही केंद्रे पुढे वाढली. ती प्रामुख्याने सुती कापडाची. सुरतेने वेगळी वाट धरली. येथील रेशीम विणणाऱ्यांनी १९३० च्या दशकात कृत्रिम रेशमाचा धागा हाती घेतला. तेव्हा स्पर्धा होती जपानशी. जपानी धागाही येई आणि जपानी कापडही येई. धागा हवासा होता, कापड नकोसे होते. दुसरे महायुद्ध आले, जपानी कापड थांबले आणि देशी विणकराला बाजार मोकळा सापडला.

स्वातंत्र्यानंतर परवान्यांचे युग सुरू झाले. परदेशी चलन तुटपुंजे, म्हणून धाग्याची आयात नियंत्रित. धागा हवा तर कोटा हवा, कोटा हवा तर कागदोपत्री माग हवेत. काहींना विणण्यापेक्षा परवान्यातच अधिक नफा दिसू लागला. याच काळात, १९५५ साली, आपल्या पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योग यांविषयी अहवाल दिला. गिरण्यांतील मागांची वाढ रोखावी आणि विकेंद्रित विणकराला वाव द्यावा, अशी तिची दिशा होती. हेतू हातमागाच्या रक्षणाचा होता; फळ मोठ्या प्रमाणावर यंत्रमागाच्या पदरात पडले.

दुसरीकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अशी रेषा आखली होती की विजेवर चालणाऱ्या जागी दहा किंवा अधिक कामगार असतील, तर तो कारखाना मानावा. कामाचे तास, रजा, सुरक्षितता यांचे नियम त्या रेषेच्या वर लागू. अबकारी कराच्या सवलतीही लहान आकाराला अनुकूल होत्या. परिणाम काय झाला असेल, ते सांगण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ नको. एकाच छपराखालचे माग भावाच्या, पत्नीच्या, मेहुण्याच्या नावे विभागले गेले. धंदा वाढला तो रुंदीने, उंचीने नाही. काही लाख माग उभे राहिले, पण मोठा विणकर म्हणावा असा क्वचितच कोणी उभा राहिला.

म्हणजे सुरतेचा लहानपणा केवळ गरिबीचा नव्हता. तो कायद्याने घडवलेला आणि हिशेबाने निवडलेला लहानपणा होता. त्याने मालकाला लवचिकता दिली आणि कामगाराला कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. या दोन्ही गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे लक्षात ठेवल्याखेरीज पुढचा काळ उलगडत नाही.

४. खान्देशची वाट

या मागांवर उभे राहायला माणसे कोठून आली? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्याचा लोहमार्ग पुरा झाला आणि सुरत ही नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या गावांशी जोडली गेली. या लोहमार्गाने आरंभी खान्देशचा कापूस बंदराकडे नेला. पुढे त्याच मार्गाने खान्देशचा माणूस मागाकडे आला. कापूस गेला ती वाट, माणूस गेला तीही वाट, असेच म्हणावे लागेल.

खान्देशला कापडधंदा अपरिचित नव्हता. अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथे गिरण्या होत्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत होते, त्या काळात गावात गिरणीचा भोंगा होत असे. परंतु कोरडवाहू शेतीची तुकडेवारी झाली, १९७२ सारखे दुष्काळ आले, पुढे गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. उधन्याला उतरणारा तरुण जसा शेतातून आला होता, तसा बंद पडलेल्या गिरणीच्या सावलीतूनही आला होता.

१ मे १९६० पर्यंत धुळे, जळगाव आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. त्या दिवशी रेषा पडली आणि नातेवाईकाकडे कामाला आलेला माणूस परप्रांतीय झाला. त्याने गुजराती शिकून घेतली, शेठशी गुजरातीत आणि शेजारच्या तेलुगू पद्मशाली कुटुंबाशी हिंदीत बोलू लागला. घरात मात्र अहिराणी राहिली. श्रावणात कानबाई बसू लागली. महापालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात, त्यात मराठी आहे आणि तेलुगूही आहे. उडिया कामगार, उत्तर प्रदेश आणि बिहारचे कामगार, आंध्र-तेलंगणातील विणकर आणि आपण खान्देशी, अशा सर्वांच्या श्रमाचे एकच कापड होते. त्याची भाषा कोणती, हे सांगता येणार नाही.

५. दारे उघडली

१९८५ च्या वस्त्रधोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांतील जुना भेद पुसण्यास आरंभ केला. पॉलिस्टर धागा देशातच मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. पाताळगंगा येथील प्रकल्प १९८२ साली सुरू झाला होता आणि हजीरा येथील प्रकल्प १९९०च्या दशकाच्या आरंभी आला. म्हणजे खनिज तेलापासून निघणारा धागा सुरतेच्या दाराशीच तयार होऊ लागला. धागा करणारे मोजके आणि प्रबळ, विणणारे असंख्य आणि विस्कळीत, अशी रचना यातून पक्की झाली. तेलाचे भाव आखातात वाढले की त्याचा चटका लिंबायतच्या आठ मागांच्या मालकाला बसू लागला. परदेशी बाजाराशी त्याचा पहिला परिचय असा झाला: विक्रीतून नव्हे, कच्च्या मालाच्या भावातून.

त्यानंतर जुलै १९९१ मधील नवे आर्थिक धोरण आले. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. आयातीवरील संख्यात्मक निर्बंध भारताने टप्प्याटप्प्याने उठवले आणि १ एप्रिल २००१ रोजी शेवटचे गेले. डिसेंबर २००१ मध्ये चीन त्या संघटनेत दाखल झाला. श्रीमंत देशांनी १९७४ पासून वस्त्रांच्या आयातीवर घातलेली कोट्याची पद्धत १ जानेवारी २००५ रोजी संपली. ही पाच-सहा पावले आहेत. प्रत्येक पाऊल जिनिव्हात वा दिल्लीत पडले आणि त्याचा आवाज उधन्याच्या पुलाखाली ऐकू आला.

त्या वेळी दोन भाकिते केली जात होती. एक पक्ष म्हणे, चिनी कापड येईल आणि सुरतेचे माग भंगारात जातील. दुसरा म्हणे, कोटा उठला की सुरत जगाला कापड पुरवील. दोन्ही पूर्णपणे खरी ठरली नाहीत. सुरतेचा मुख्य ग्राहक देशातच राहिला: साडी, पोशाखाचे कापड, ओढणी. परदेशी विक्री झाली ती बहुधा मुंबईच्या निर्यातदारामार्फत किंवा दुबईच्या पेढीमार्फत, आखाती देशांकडे आणि पुढे आफ्रिकेकडे. पण स्पर्धा परदेशी राहिली. देशातील ग्राहकाच्या हाती जेव्हा चिनी कापडही असते, तेव्हा घरचा बाजार हाच परदेशी बाजार होतो. हे सूत्र मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

त्या स्पर्धेत सुरतेचे बळ कशात होते? ते साखळीत होते. धाग्याला पीळ देणारा वेगळा, बीम भरणारा वेगळा, कोरे कापड विणणारा वेगळा, दलाल वेगळा, पांडेसऱ्याची रंगाई-छपाईची गिरणी वेगळी, भरतकाम करणारा वेगळा, रिंग रोडच्या बाजारातील व्यापारी वेगळा. एखाद्या चित्रपटातील साडी लोकांच्या डोळ्यांत भरली की काही आठवड्यांत तिच्यासारखी साडी बाजारात यावी, इतकी ही साखळी चपळ. लाखो मीटरची एकच मागणी पुरी करण्यात चिनी कारखाना श्रेष्ठ. पाचशे नमुन्यांचे थोडे थोडे कापड देण्यात सुरत श्रेष्ठ. इटलीतील प्रातो या गावाने महायुद्धानंतर लोकरी कापडात याच रीतीने नाव कमावले होते. तेथेही घराघरात माग आणि साऱ्यांना जोडणारा मध्यस्थ. प्रातोचे पुढे काय झाले, तेही लक्षात घेण्याजोगे आहे: जुने लहान विणकर हळूहळू बाजूला पडले आणि त्याच गावात चिनी मालकांच्या शिलाईशाळा उभ्या राहिल्या. म्हणजे साखळी टिकते, पण तिच्यातील कड्या बदलल्या जातात.

सुरतेच्या हिऱ्याची कथाही हेच सांगते. जे बारीक खडे अँटवर्पच्या वा इस्राएलच्या कारागिराला परवडत नव्हते, ते सुरतेने हाती घेतले. ऑस्ट्रेलियातील अर्गाइल खाणीतून १९८० च्या दशकात बारीक, तपकिरी खड्यांचा पूर आला आणि त्याला पैलू पाडणारे हात सौराष्ट्रातून सुरतेला आले. दुसऱ्याने टाकलेल्या कामातून जागतिक धंदा उभारावा, याचे याहून मोठे उदाहरण नाही. पण तोच धंदा २००८ च्या जागतिक मंदीत एका हंगामात कोसळला आणि हजारो रत्नकलाकार गावी परतले. रशियन खाणींतील हिऱ्यांवर श्रीमंत राष्ट्रांनी २०२४ पासून निर्बंध घातले, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. दर वेळी वराछा आणि कतारगाम येथील घंट्या आधी थांबल्या, मग वर्तमानपत्रांत कारण छापून आले.

६. ओझे कोणाच्या खांद्यावर?

आता मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. या टिकण्याची किंमत कोणी मोजली?

साखळीचे बळ चपळपणात आहे, तसे तिचे दुखणे उधारीत आहे. व्यापारी दुकानदाराकडून उशिरा पैसे घेतो, म्हणून गिरणीला उशिरा देतो. विणकराला कापडाचे पैसे उशिरा मिळतात, पण धाग्याचे आणि विजेचे बिल वेळेवर द्यावे लागते. उतरंड अशी की वरच्याचा धोका खालच्याच्या डोक्यावर. आणि सर्वांत खाली कोण? बारा तासांच्या पाळीत मीटरवर मजुरी घेणारा कारीगर. आणि त्याच्याही खाली, जिला आपण मोजतच नाही ती त्याची पत्नी, जी दुपारी घरात साड्यांचे गठ्ठे घेऊन बसते, धागे कापते, टिकल्या चिकटवते, लेस लावते आणि नगावर पैसे घेते. कोणत्याही सरकारी नोंदीत ती वस्त्रोद्योगात नाही. परंतु दुबईच्या दुकानात उलगडल्या जाणाऱ्या साडीवर शेवटचा हात तिचा फिरलेला असतो.

कारखानदारालाही मी या उतरंडीतून वगळणार नाही. आपल्यापैकी काही जणांनी कारीगर म्हणून आरंभ करून, भिशी उचलून, गावचे शेत गहाण टाकून चार जुने माग घेतले. त्यांना मालक म्हणावे तर ते स्वतः माग चालवतात. कामगार म्हणावे तर वीजबिल त्यांच्या नावावर येते. १९९९ साली तंत्रज्ञान सुधारणेसाठी केंद्र सरकारची व्याजसवलतीची योजना आली. ज्याच्याकडे तारण आणि ताळेबंद होता, त्याने वॉटरजेट आणि रॅपिअर माग आणले. ज्याची वहीच नव्हती, त्याला बँकेच्या दारात उभे राहता आले नाही. त्याने श्रीमंत शेजाऱ्याचे टाकलेले साधे माग विकत घेतले. एकाच योजनेने दोन शेजाऱ्यांत अंतर वाढवले. नोटाबंदी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली आणि वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये आला, तेव्हा रिंग रोडचा बाजार कित्येक दिवस बंद राहिला. धाग्यावर कर अधिक आणि कापडावर कमी, अशी उलटी रचना विणकराच्या माथी आली. तयार धाग्यावरील कर अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा आठ वर्षे उलटून गेली होती. चूक सुधारली गेली, हे खरे; पण मधल्या काळात ज्यांनी माग भंगारात विकले, त्यांच्यापर्यंत ती सुधारणा पोचणार नाही.

आणखी एक गोष्ट. परदेशी बाजार केवळ भाव पाहत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, लाखो लोक शहर सोडून गेले आणि काही देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबवली. ज्या वस्तीचे गटार महापालिकेला दिसत नव्हते, ते गटार तेव्हा जगाला दिसले. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहराची झाडलोट हाती घेतली आणि वर्षा-दोन वर्षांत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुराने शहराचा फार मोठा भाग बुडवला. मिठी खाडीचे पाणी तर लिंबायतच्या घरांत पुढेही शिरत राहिले. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले आणि माणसे पुन्हा गावाच्या वाटेला लागली. या घटनांना आपण आपत्ती म्हणतो आणि अर्थकारणातून बाजूला काढतो. ते बरोबर नाही. गटार, पाणी, घर, शाळा आणि दवाखाना हीदेखील स्पर्धेची साधने आहेत. ती कमी पडतात, तेव्हा त्यांची भरपाई मजुराचे शरीर करते. ‘स्वस्त मजुरी’ या दोन शब्दांमागे एवढा इतिहास दडलेला आहे.

७. पुढे काय?

श्रोतेहो, इतिहासाच्या अभ्यासकाने भविष्य सांगू नये. पण भूतकाळात जे मार्ग निघाले, ते दाखवणे हे त्याचे काम आहे.

पहिला मार्ग जरीवाल्यांनी दाखवला. ते चौकशी समितीसमोर आकडे घेऊन गेले होते. लहान माणसाचा हिशेब लिहिलेला असेल, तरच त्याचे गाऱ्हाणे ऐकले जाते. म्हणून वही लिहिणे ही केवळ कारकुनी नाही. ती लहान धंद्याची ढाल आहे. या शाळेतून जो मुलगा, जी मुलगी आपल्या घरच्या चार मागांचा ताळेबंद मांडायला शिकेल, ती घराला नव्या मागाइतकेच भांडवल देईल.

दुसरा मार्ग आपल्या महाराष्ट्राने दाखवला. धनंजयराव गाडगीळ यांनी कारागिरांच्या ऱ्हासाचा अभ्यास केला आणि तेवढ्यावर न थांबता सहकाराच्या उभारणीत हात घातला. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांनी सहकारी सूतगिरणीचा आधार घेतला. सहकाराचे पुढे काय काय झाले, हे आपण जाणतोच. त्यातील दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तरीही आठ माग असलेल्या वीस जणांनी धागा एकत्र विकत घ्यावा आणि कापड एका नावाने विकावे, यात अशक्य असे काही नाही. सोलापूरच्या चादरीला नाव आहे, पैठणीला नाव आहे. सुरतेच्या जरीला नाव आहे. सुरतेच्या साध्या कापडाला नाव नाही. आणि ज्या मालाला नाव नसते, त्याच्या किमतीला तळ नसतो.

तिसरा मार्ग शाळेच्या हाती आहे आणि माझी विनंती त्याविषयीच आहे. आपल्या वस्तीतील पहिल्या पिढीचे विणकर आता थोडे उरले आहेत. उधन्याला प्रथम उतरलेला माणूस, पहिला माग, पहिली भिशी, बंद पडलेली पाळी, पुरात भिजलेले बीम, या साऱ्यांचा इतिहास त्यांच्या बोलण्यात आहे आणि तो अहिराणीत आहे. माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे बसावे आणि ते बोलणे जसेच्या तसे टिपून घ्यावे. जुन्या मजुरीच्या चिठ्ठ्या, बिलांची पुस्तके, रेल्वेचे पास, कानबाईच्या वर्गणीच्या वह्या रद्दीत जाऊ नयेत. शाळेच्या एका कपाटात त्या जमा व्हाव्यात. शिक्षिकांनी धागे कापणाऱ्या मातांचीही नोंद करावी. किती गठ्ठे, किती तास, काय दर. विद्यापीठातील संशोधक उद्या येवोत वा न येवोत, आपला दफ्तरखाना आपण उभारला पाहिजे. उद्या पुन्हा एखादी समिती बसेल, पुन्हा कोठेतरी शुल्क वाढेल वा उतरेल. त्या वेळी लिंबायतची बाजू मांडायला हे कपाट उपयोगी पडेल.

ज्या गुरुजनांचे आज आपण स्मरण करतो, त्यांनी मुलांना लिहायला शिकवले. त्या मुलांनी आता आपल्या आईवडिलांचे श्रम लिहून ठेवावेत, यापरते उचित स्मारक मला सुचत नाही.